भाड्याच्या खोलीतले लाईट बिल आणि न लिहिलेला आकडा

भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांकडून एक प्रश्न मला दर उन्हाळ्यात हमखास ऐकायला मिळतो. ‘खोली दोनच, माणसे तीनच, मग बिल एवढे कसे? मालक जास्त घेतो का, की मीटरच खराब आहे?’ वरवर हा प्रश्न विजेचा दिसतो, पण कौटुंबिक समुपदेशनाच्या खुर्चीत बसून पाहिले तर त्याच्यामागे बहुतेक वेळा नवरा-बायकोचा किंवा मालक-भाडेकरूंचा अबोला असतो. परभणीच्या एका जोडप्याचा अनुभव येथे सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मे महिन्याच्या अखेरीस ती बाई लेकराला कडेवर घेऊन आली. नवरा एका दुकानात कामाला होता आणि दसऱ्यापासून ते या घरात राहत होते. थंडीत नऊशेच्या आसपास येणारे बिल एप्रिलमध्ये १,५५१ रुपयांवर गेले आणि मेमध्ये घरमालक काकांनी २,५५२ रुपयांची चिठ्ठी हातात ठेवली. “मॅडम, मीटर नुसतं पळायलंय. आमचे हे म्हणायलेत, दिवसभर कूलरसमोर बसती म्हणून. मी तर दुपारी कूलर बंद करून लेकराला ओल्या फडक्यानं पुसायले,” असे म्हणून ती रडू लागली. परभणीत मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. तसल्या दुपारी दीड वर्षाच्या लेकरासाठी कूलर लावल्याबद्दल तिला स्वतःचा बचाव करावा लागत होता, आणि पैशांच्या आकड्याहून मला तेच अधिक गंभीर वाटले.

पुढच्या भेटीला नवऱ्याला बोलावले. तो रागीट नव्हता, हिशेबाने कावलेला होता. दहा-अकरा हजारांच्या पगारात एका महिन्यात हजार रुपये वाढले की माणूस कारण शोधतो, आणि घरात सर्वांत जवळ सापडणारे कारण बहुधा बायको असते. मी त्याला एवढेच विचारले की मागच्या महिन्याचे रीडिंग किती होते आणि या महिन्याचे किती. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. राहायला आले त्या दिवशीचा आकडा कोणी लिहून ठेवला नव्हता, आणि दर महिन्याच्या चिठ्ठीवर फक्त रुपये होते. ज्या गोष्टीवरून भांडण चालले होते, ती गोष्ट सात महिन्यांत दोघांपैकी कोणीच पाहिलेली नव्हती.

त्या घरात मालकांसह तीन कुटुंबे, पण मुख्य मीटर एकच, मालकांच्या नावावर. या भाडेकरूंच्या दोन खोल्यांना मालकांनी आपल्या खर्चाने सब मीटर, म्हणजे फक्त त्या खोल्यांचा वापर मोजणारा वेगळा मीटर, बसवलेला. आपल्याकडच्या गल्ल्यांमधून ही व्यवस्था सर्रास दिसते. अशा वेळी भाडेकरूने दोन वेगळे प्रश्न वेगळे ठेवायला हवेत: आपण किती युनिट वापरले, आणि त्या युनिटला दर कोणता लावला. दोन्ही एकत्र केले की नुसता संशय उरतो.

आधी युनिट. एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. मी दोघांना कागद दिला आणि घरातल्या एकेका वस्तूचा हिशेब त्यांनाच करायला लावला. कूलर १८० वॉटचा, बारा तास चालला तर दिवसाला दोन युनिटांच्या थोडे वर, म्हणजे महिन्याला ६५. पंचाहत्तर वॉटचे दोन पंखे पंधरा तास फिरले तर महिन्याला ६७. येथे नवरा थांबला. ज्या कूलरवरून इतके दिवस बोलणी चालली होती, त्याच्याइतकीच वीज दोन साधे पंखे खात होते, आणि रात्रभर पंख्याखाली तोही झोपत होता. फ्रिजचे साधारण ३०, दिवे आणि टीव्हीचे १२. बेरीज १७४ झाली. चिठ्ठीवरच्या २,५५२ रुपयांना मालकांच्या ११ रुपये दराने भागले तर २३२ युनिट येत होते. असा हिशेब तंतोतंत कधीच जुळत नाही, दहा-पंधरा युनिटांचा फरक मी सोडून देते. पण ५८ युनिट सोडून देण्यासारखे नव्हते.

मी त्यांना एक तपासणी सुचवली आणि एक अट घातली: ती मालकांना बोलावून, त्यांच्या समोर करायची. गुपचूप केलेल्या तपासणीतून खरे निघाले तरी ते आरोपासारखे ऐकू येते. रीत सोपी आहे. खोलीतले सगळे बंद करायचे, फ्रिजची पिनसुद्धा काढायची, आणि मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा थांबतो का ते पाहायचे. थांबला नाही, तर वीज कुठेतरी जात आहे. मीटर जास्त पळतो का हे पाहायचे असेल, तर त्यावर एका युनिटला किती लुकलुक हे छापलेले असते. तो आकडा ३२०० असेल, तर फक्त १०० वॉटचा बल्ब लावून दहा मिनिटांत सुमारे ५३ वेळा दिवा लुकलुकायला हवा. मुख्य मीटरचे सील, झाकण किंवा वायर यांना मात्र हात लावू नये. तेथे केलेली छेडछाड वीजचोरीच्या कलमात, म्हणजे विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ मध्ये जाते, आणि मग खुलासे करणे अवघड होते.

रविवारी सकाळी काका, काकू आणि हे दोघे मीटरसमोर उभे राहिले. सगळे बंद केल्यावरही दिवा लुकलुकत राहिला. काही वेळाने काकूंनी नेहमीप्रमाणे टाकी भरली म्हणून बोअरची मोटर बंद केली, आणि दिवा थांबला. वायरमनने मोटरचा बोर्ड बसवताना जवळची लाईन म्हणून भाडेकरूंच्या सब मीटरपुढची वायर घेतली होती. एक एचपीची मोटर तासाला पाऊण ते एक युनिट घेते. उन्हाळ्यात बोअरचे पाणी खाली गेले की तीच टाकी भरायला मोटर दुप्पट वेळ चालते, हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. हिवाळ्यातही ती त्यांच्याच मीटरवर चालत होती, फक्त आकडा लहान असल्याने कोणाच्या डोळ्यांवर आला नव्हता. काकांना हे खरोखरच माहीत नव्हते, असे माझे मत आहे. माहीत असते, तर त्यांनी त्या सकाळी मोटर चालू राहू दिली नसती.

मग दराचा प्रश्न. नवऱ्याचे म्हणणे होते की सरकारी दर इतका नसतो, काका युनिटमागे कमावतात. मी सांगितले, मुख्य बिल मागून घ्या. त्यावर मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि त्यांच्या फरकातून निघालेले युनिट असतात. रुपयांच्या भागात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार असतो आणि त्यांवर घरगुती वापरासाठी १६ टक्के वीज शुल्क लागते. घरगुती दराचे टप्पे १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे आहेत. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट असतो आणि पुढे तो आणखी चढतो. तीन कुटुंबे एका मीटरवर आली की स्वस्त १०० युनिट तिघांत वाटले जातात आणि उरलेली वीज महागड्या टप्प्यात जाते. त्या घराचे मेचे युनिट ५१० भरले होते, आणि बिलाच्या एकूण रकमेला ५१० ने भागल्यावर दर ११ रुपयांच्या वरच गेला. काका कमावत नव्हते, खिशातून भर घालत होते. नवऱ्याचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता, असे त्याची बायकोच मला नंतर हसत म्हणाली.

स्वतंत्र मीटर घेतला तर हा टप्प्यांचा तोटा टळतो. विद्युत कायद्याच्या कलम ४३ मध्ये वीजजोडणी मागण्याचा हक्क मालकासोबत जागेत राहणाऱ्यालाही दिलेला आहे, परंतु व्यवहारात मालकाच्या संमतीपत्राशिवाय पुढे जाणे अवघड असते, आणि वर्षाच्या करारावर राहणारा मनुष्य त्या वाटेला सहसा जात नाही. मी त्याचा आग्रह धरत नाही. भांडण विकोपाला जाऊन मालक लाईट तोडण्याची भाषा करू लागला, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चे कलम २९ भाडेकरूच्या बाजूने आहे, एवढे मात्र माहीत असू द्यावे.

लातूरला शिकवणीसाठी खोली घेतलेल्या मुलांचे पालक मला वेगळी तक्रार सांगतात: दिवाळीनंतर एकदम मोठे बिल आले. तेथे बहुधा खोलीला कुलूप असल्याने रीडिंग मिळालेले नसते, सरासरीने बिल लागते आणि पुढे खऱ्या रीडिंगला साठलेले युनिट एकदम दिसतात. बिलावर मागील आणि चालू रीडिंग सारखेच असेल, तर हे लगेच ओळखता येते. अशा वेळी ते युनिट जितक्या महिन्यांचे आहेत, तितक्या महिन्यांत विभागून टप्प्यांचा लाभ दिला आहे का, ते पाहावे. गावी जाण्यापूर्वी महावितरणच्या ॲपवरून रीडिंगचा फोटो पाठवता येतो.

परभणीच्या घरी मोटरची लाईन आठ दिवसांत बदलली. मागच्या सात महिन्यांचे काय, यावर मात्र दोन बैठका गेल्या. नवऱ्याला सगळे पैसे परत हवे होते, काका म्हणत होते की पाणी तर तुम्हीही वापरले. ते खोटे नव्हते. शेवटी मोटरचे अंदाजे युनिट तीन घरांत वाटले आणि जास्तीचे गेलेले पैसे दोन महिन्यांच्या भाड्यातून वळते झाले. यापुढे मोटरचा खर्चही तसाच वाटायचा ठरला.

जुलैत ती एकटीच आली, दुसऱ्याच कामासाठी. पर्समधून कालनिर्णयचे फाडलेले जूनचे पान काढून तिने दाखवले. दहा तारखेच्या चौकोनात दोन आकडे होते, एक तिच्या अक्षरात सब मीटरचा आणि त्याखाली मुख्य मीटरचा, नवऱ्याच्या अक्षरात. “ह्यांनी स्टुलावर चढून वाचलं,” ती म्हणाली, “आणि काकू म्हणायल्या, आमचंही तूच लिहित जा.”