चौदाशे वस्तू एकाच तारखेला कोण मोजणार?

प्रश्न: अमळनेरला आमचं ठिबक आणि पीव्हीसी फिटिंगचं दुकान आहे, मागे गोडाऊन. साधारण १,४०० प्रकारच्या वस्तू. नवीन सॉफ्टवेअरमध्ये 'सायकल काउंट'ची, म्हणजे ठरलेल्या तारखांना थोडा थोडा माल मोजत राहण्याची, सोय दिसली म्हणून मी सरसकट सगळ्यांना 'दर महिना' लावून टाकलं. आता दर एक तारखेला चौदाशे ओळींची यादी येते. पहिले दोन महिने थोडं मोजलं, नंतर कोणी हात लावला नाही. ३१ मार्चला मोजलं तेव्हा मेळ बसलाच नाही. सासरे म्हणतात, "माल शे, पन सापडत नई." वेळापत्रक कसं लावावं?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर: ताई, तुमच्या सासऱ्यांचं वाक्य मला फार ओळखीचं आहे. जळगावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरला मी २२ वर्षं काढली, तिथे दर मार्चअखेर हेच ऐकायचो. गेट दोन दिवस बंद, ऑफिसातली माणसंसुद्धा मोजायला खाली, आणि तिसऱ्या दिवशी निघालेला फरक कशामुळे आला हे सांगणारा कोणी नाही. वर्षभरापूर्वी चुकलेल्या चिठ्ठीची आठवण कोणाला राहणार? रोज थोडं मोजायचं ते त्यासाठीच. फरक ताजा असताना त्याचं कारण सापडतं.

आधी वस्तूंचे तीन गट करा. सॉफ्टवेअरमधून वर्षभराची विक्री रुपयांत काढा आणि मोठ्या आकड्यापासून खाली लावा. वरच्या साधारण १४० वस्तू 'अ', पुढच्या २८० 'ब', उरलेल्या ९८० 'क'. तुमच्याकडे 'अ'मध्ये लॅटरल (ठिबकची बारीक नळी), ६३ आणि ७५ एमएमचे पाइप, फिल्टर, व्हेंचुरी (पाण्यातून खत सोडायचं साधन) येतील. सॉल्व्हंट सिमेंटचे डबे रकमेने 'क'मध्ये जातील, पण ते उचलून 'अ'मध्ये टाका. डबा लहान, पटकन पिशवीत जातो, शिवाय त्याला मुदत असते. डोळे झाकून यादीच्या भरवशावर राहू नका; जे वारंवार कमी पडतं ते तुमच्या सासऱ्यांना तोंडपाठ असेल.

'अ' वर्षातून १२ वेळा, 'ब' ४ वेळा, 'क' एकदा. म्हणजे १,६८० अधिक १,१२० अधिक ९८०, एकूण ३,७८० मोजण्या. पण त्या वर्षभर सारख्या वाटू नका. आपल्याकडे एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत बागायती कपाशी आणि केळीच्या मृगबागेचं (पावसाळ्याच्या तोंडावरच्या लागवडीचं) गिऱ्हाईक दारात उभं असतं, आणि वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरली की निम्मी पोरं बोरीच्या पात्रात. त्या काळात फक्त 'अ', दिवसाला ६ वस्तू. 'ब' आणि 'क'ची पुढची तारीख तेवढ्यापुरती जुलैवर ढकला. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर गर्दीचे ६५ सोडून २३५ उरतात. त्यांत रोज 'अ'च्या ६ आणि बाकीच्या ९, अशा १५ वस्तू. दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक येण्याआधी दोघांचं अर्ध्या-पाऊण तासाचं काम.

तुम्ही सॉफ्टवेअरचं नाव लिहिलं नाही, म्हणून दोन-तीन ठिकाणची जागा सांगतो. ओडूमध्ये किती दिवसांनी मोजायचं ते लोकेशनवर लावतात, तेव्हा 'अ'चा माल वेगळ्या रॅकवर आणून त्या रॅकचं वेगळं लोकेशन करा. बिझनेस सेंट्रलमध्ये वर्षातून किती वेळा याचा कोड करून तो वस्तूच्या कार्डावर टाकतात, पुढची तारीख तेच काढतं. टॅलीप्राइम असेल तर मोजलेला आकडा फिजिकल स्टॉक व्हाउचरला (कंट्रोल आणि एफ७) चढवा आणि रोजची यादी वहीत ठेवा. वहीनेही काम चालतं.

आता मोजणीचं. यादी छापताना कॉम्प्युटरमधली शिल्लक छापू नका. '४८' लिहिलेलं दिसलं की माणूस ४६ मोजतो आणि ४८ लिहितो. ही लबाडी नसते, डोळा तसा फसतो. जो माल काढून देतो त्यानेच तो मोजू नये. आणि मोजण्याआधी त्या १५ वस्तूंची सगळी बिलं, चलनं, कच्च्या चिठ्ठ्या चढवून घ्या. एकदा मी पाइपच्या थप्पीवर खडू घेऊन मोजत बसलो होतो आणि मागच्या दाराने त्याच थप्पीचा ट्रॅक्टर भरला जात होता. बिल सकाळी झालेलं, माल दुपारी निघालेला. आठ पाइपांची तूट मी लिहून मोकळा झालो, आणि त्यासाठी रात्रपाळीच्या एका पोराला बोलणी बसली. त्या पोराची चूक नव्हती. तेव्हापासून 'बिल झालं, माल उचलायचा आहे' अशा मालाला मी लाल चिंधी बांधायला लावतो.

तुमच्या धंद्यातला खरा घोळ लॅटरलमध्ये असणार, हे मी न बघता सांगतो. खरेदी बंडलात, विक्री मीटरात. १६ एमएमचं ५०० मीटरचं बंडल फोडलं, १८० मीटर चोपड्याच्या केळीवाल्याला दिलं. उरलेलं ३२० मीटर कोपऱ्यात पडलं, मोजणाऱ्याने ते 'एक बंडल' धरलं. वस्तूच्या कार्डावर मूळ एकक मीटर ठेवा आणि एक बंडल म्हणजे किती मीटर हा हिशेब सॉफ्टवेअरमध्ये बसवा. फोडलेल्या प्रत्येक बंडलाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा, कापताना उरलेला आकडा तिच्यावरच लिहा. चिठ्ठी हरवली तर त्याच नळीचा एक मीटर तुकडा वजन करा, मग बंडल वजन करा आणि भागा.

ग्रोमेट, टेकऑफ, जॉइनर असे नळी जोडायचे बारके सुटे भाग नगाने मोजू नका. १०० नग मोजून वजन घ्या आणि पुढे वजनावर काढा, मात्र आधी रिकाम्या डब्याचं वजन वजा करा. डब्याचं वजन विसरल्यामुळे शेकड्यांनी जास्तीचे ग्रोमेट कागदावर आलेले मी पाहिलेत.

फरक आला तर त्याच दिवशी दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्या. 'अ'मध्ये एका नगाचाही फरक सोडू नका; 'क'मध्ये शंभरी दोन नग इकडेतिकडे असले तर चढवून पुढे जा. पण तूट लगेच निर्लेखित करू नका, म्हणजे माल गेला असं धरून हिशेबातून काढून टाकू नका. केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ च्या कलम १७(५)(एच) नुसार हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा निर्लेखित मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत करावं लागतं. माल मागच्या रॅकवर पडलेला असताना कर भरून बसायचं का? आठ दिवस शोधा, कारण लिहा, मग सीएशी बोलून नोंद करा.

वहीला 'कारण' नावाचा रकाना हवाच. दिवाळी होऊन गेली आहे, एप्रिलपर्यंत वेळ आहे. उद्यापासून फक्त 'अ'च्या ६ वस्तूंनी सुरुवात करा, 'ब' आणि 'क' पुढच्या महिन्यात जोडा. पहिल्या महिन्याच्या त्या पानाचा फोटो मला पाठवा. त्यात लॅटरलच्या किती ओळी येतात ते मला बघायचं आहे.