हॅम्लेटने तलवार म्यान का केली?

प्रश्न : ‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकात, भावाचा म्हणजे हॅम्लेटच्या पित्याचा गुपचूप खून करून गादी आणि राणी मिळवलेला क्लॉडियस राजा एकटाच गुडघे टेकून प्रार्थना करत असतो. हॅम्लेट तलवार उपसून त्याच्या पाठीशी येतो आणि वार न करताच निघून जातो. ‘प्रार्थनेत असताना मारला तर हा स्वर्गाला जाईल’ असे कारण तो स्वतःशी देतो. हे कारण खरे मानावे की दिरंगाई झाकण्याची सबब मानावी? आमच्या वाचक मंडळात यावरून दोन तट पडले आहेत. – एक वाचक, सातारा

उत्तर : हे दोन तट फार जुने आहेत. अठराव्या शतकात इंग्रज समीक्षक डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी हे स्वगत जसेच्या तसे खरे मानले आणि ते वाचवत नाही, उच्चारवत नाही इतके भयंकर आहे, असा अभिप्राय दिला. पुढे कवी-समीक्षक कोलरिज यांनी जॉन्सन यांना खोडून काढले. त्यांच्या मते ही राक्षसी वृत्ती नव्हे, ही निव्वळ टाळाटाळ आहे. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांतून कोलरिज यांचेच मत अधिक रुजले आणि विचार करकरून हातून काहीच न घडणारा राजपुत्र ही हॅम्लेटची ओळख बनून गेली. मला मात्र जॉन्सन यांचे वाचन खरे वाटते, आणि त्याला आधार नाटकाच्या संहितेतच आहे.

या प्रवेशाच्या आधी हॅम्लेट थांबला होता, त्याला सबळ कारण होते. शेक्सपिअरच्या कितीतरी आधी, सुमारे १२०० साली, डॅनिश इतिहासकार सॅक्सो ग्रमॅटिकस याने लॅटिनमध्ये जी मूळ कथा लिहिली, तिच्यात चुलत्याने केलेला खून सगळ्यांना ठाऊक असतो. तिथला राजपुत्र अ‍ॅम्लेथ वेडाचे सोंग घेतो ते केवळ जीव वाचवण्यासाठी. शेक्सपिअरच्या नाटकात खून गुप्त आहे आणि त्याचा एकमेव साक्षीदार एक भूत आहे. ते भूत पित्याचे की पित्याच्या रूपात आलेल्या सैतानाचे, हा प्रश्न त्या काळच्या प्रेक्षकालाही खराखुरा वाटणारा होता. म्हणून हॅम्लेट दरबारात तशाच खुनाचे नाटक घडवून आणतो, राजा मध्येच उठून जातो आणि शंका फिटते. प्रार्थनेचा प्रवेश येतो तो यानंतर. तेव्हा पुराव्याची उणीव हे कारण इथे उरलेले नाही, आणि धैर्याची उणीव असती तर पुढच्याच प्रवेशात आईच्या महालात पडद्याआडून आवाज येताच त्याने क्षणाचाही विचार न करता तलवार खुपसली नसती. पडद्यामागे राजाचा प्रधान पोलोनियस निघाला, ही गोष्ट निराळी. हॅम्लेटला तिथे राजाच असेल असे वाटले होते.

मग तो राजाला का सोडतो? याचे उत्तर पहिल्या अंकात भुताने केलेल्या तक्रारीत आहे. आपला जीव गेला, मुकुट गेला, राणी गेली, एवढ्यावर ते भूत थांबत नाही. आपल्याला झोपेत मारले, पापाची कबुली देण्याची, ख्रिस्तप्रसाद घेण्याची, अंतकाळच्या अभिषेकाची संधी मिळाली नाही, सगळी पापे माथ्यावर घेऊन हिशेबाला उभे राहावे लागले आणि म्हणून आता दिवसा आगीत होरपळावे लागते, हे त्याचे खरे दुःख आहे. पित्यावर झालेला अन्याय मुलाच्या मनात या शब्दांत कोरला गेला आहे. प्रार्थनेच्या प्रवेशात तलवार उचलल्यावर त्याला नेमकी हीच तक्रार आठवते: माझ्या बापाला याने भरल्या पोटी, पापाच्या भरात मारले, आणि याला मी मन शुद्ध करत असताना मारू? हा सूड नव्हे, ही तर त्याला दिलेली मजुरी झाली, असे तो म्हणतो. मग तो राजासाठी योग्य वेळा मोजतो: दारूच्या नशेत झोपलेला असताना, संतापात असताना, शय्येवर असताना, जुगार खेळताना, शिव्या देताना. ज्याला फक्त पळवाट हवी आहे, तो माणूस इतक्या बारकाईने यादी करत नाही.

आणि ही सबब नव्हती, याचा सर्वांत भक्कम पुरावा पाचव्या अंकात आहे, ज्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावर हॅम्लेट रोझेनक्रान्ट्झ आणि गिल्डनस्टर्न यांच्याकडचे राजाचे पत्र चोरून वाचतो, आपल्या वधाचा हुकूम पाहतो आणि त्याजागी दुसरे पत्र लिहितो: हे घेऊन येणाऱ्यांना तत्काळ ठार करावे, पापाची कबुली देण्याइतकाही वेळ त्यांना देऊ नये. हे त्याचे बालपणीचे मित्र. इथे टाळण्यासारखे काही नव्हते, कोणापुढे सबब सांगायची नव्हती, तरीही पत्रात ती अट येतेच. माणसाला मारणे पुरेसे नाही, मेल्यानंतरची त्याची वाटही बंद झाली पाहिजे, ही सुडाची कल्पना हॅम्लेटने मनोमन स्वीकारलेली आहे. त्याच्या स्वभावातील कोवळेपणा मला जितका प्रिय आहे, तितकीच ही जागा मला अस्वस्थ करते. इथे तो दुबळा नाही. इथे तो भुताहूनही पुढे गेलेला आहे, कारण भुताने सूड मागितला होता, क्लॉडियसचा आत्मा नरकात धाडण्याची मागणी केली नव्हती.

आता शेक्सपिअरची खरी करामत पाहा. हॅम्लेट येण्याआधी क्लॉडियसचे दीर्घ स्वगत आहे. आपल्या पापाची दुर्गंधी आकाशापर्यंत पोहोचली आहे, हे तो कबूल करतो. पण ज्यांच्यासाठी खून केला तो मुकुट, ती महत्त्वाकांक्षा आणि ती राणी जवळ ठेवून क्षमा मागता येईल का, असे स्वतःलाच विचारतो आणि उत्तर त्याला ठाऊक असते. हॅम्लेट निघून गेल्यावर तो उठतो आणि म्हणतो की शब्द वर गेले, मन खालीच राहिले. म्हणजे प्रार्थना झालीच नव्हती. हॅम्लेटने त्या क्षणी वार केला असता तर त्याच्याच हिशेबाने सूड पूर्ण झाला असता. दुसऱ्याच्या अंतःकरणाचा निवाडा करण्याचा अधिकार त्याने आपल्याकडे घेतला आणि निवाडा साफ चुकला. पोलोनियस, त्याची मुलगी ऑफिलिया, ते दोन मित्र, हॅम्लेटची आई राणी गर्ट्रूड, पोलोनियसचा मुलगा लेअर्टीझ आणि स्वतः हॅम्लेट या सातही जणांचे मरण या प्रवेशानंतरचे आहे.

प्रश्न : गर्ट्रूडला पतीच्या खुनाची कल्पना होती का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : माझ्या मते नव्हती. ‘राजाला मारण्यासारखेच’ असे हॅम्लेट तिच्या तोंडावर म्हणतो तेव्हा ती निव्वळ आश्चर्याने तेच शब्द परत उच्चारते, आणि भूतही तिच्यावर घाईच्या लग्नाचा व वासनेचा ठपका ठेवते, खुनाचा नाही. १६०३ साली छापल्या गेलेल्या पहिल्या, बऱ्याच त्रोटक आवृत्तीत तर ती आपल्याला या खुनाची माहिती नव्हती, असे शपथेवर सांगते. नंतरच्या आवृत्त्यांत ही शपथ नाही, त्यामुळे अभिनेत्रीला थोडी मोकळीक राहते, एवढेच.

प्रश्न : लेअर्टीझ बापाच्या मृत्यूची बातमी ऐकताच राजवाड्यावर चालून येतो. मग खरा पितृभक्त मुलगा तोच नव्हे का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : पित्याच्या मृत्यूचे ओझे वाहणारे तीन मुलगे या नाटकात आहेत आणि त्यांना शेजारी-शेजारी ठेवूनच शेक्सपिअरने हा विषय उलगडला आहे. नॉर्वेचा राजपुत्र फॉर्टिनब्रास याचा बाप हॅम्लेटच्या बापाकडून द्वंद्वात मारला गेला. चुलत्याने कानउघाडणी करताच त्याने डेन्मार्कवरची स्वारी सोडून दिली, आणि शेवटी राज्य त्याच्याच हाती येते. लेअर्टीझचे मात्र सारेच उलट आहे. हॅम्लेटचे काय करशील, असे क्लॉडियस विचारतो तेव्हा तो उत्तर देतो की देवळातही त्याचा गळा चिरीन. प्रार्थनेच्या प्रवेशाला दिलेले हे थेट प्रत्युत्तर आहे. त्यावर सुडाला सीमा नसावी अशी मान डोलावतो तो क्लॉडियस, ज्याचा जीव केवळ गुडघे टेकल्यामुळे वाचला होता! लेअर्टीझची ही तडफ खुनी राजाच्या हातचे हत्यार होऊन जाते आणि तो विष लावलेली तलवार घेऊन हॅम्लेटबरोबरच्या तलवारबाजीच्या खेळात उतरतो. ही पितृभक्ती म्हणावी असे मला वाटत नाही. पण हॅम्लेटने स्वतःच लेअर्टीझच्या दुःखात आपल्या दुःखाचे चित्र पाहिले आहे, म्हणून त्याला कमी लेखणेही बरोबर नाही. मरताना तो आपला कपट कबूल करतो, हॅम्लेटकडे परस्पर क्षमेची याचना करतो आणि त्या वेळी बापाचे नाव घ्यायला विसरत नाही.

हॅम्लेट राजाला मारतो तेव्हा मात्र बापाचा उल्लेखही करत नाही. विषारी तलवार राजाच्या अंगात खुपसून, राणी जो चुकून पिऊन मेली तो विषाचा प्याला त्याच्या तोंडी लावून ‘माझ्या आईच्या मागोमाग जा’ असे तो म्हणतो. तिसऱ्या अंकात त्याने मोजलेल्या वेळा इथे पुन्हा वाचून पाहाव्यात. क्लॉडियस मरतो तो पैजेच्या खेळात, मद्याच्या मेजवानीत, पापाची कबुली न देता, म्हणजे हॅम्लेटला हवा होता तसाच. पण पैज क्लॉडियसने लावली होती, मद्यात विष त्यानेच कालवले होते आणि पातीला विष लावण्याची कल्पना लेअर्टीझची होती. हॅम्लेटने यातले काहीही ठरवले नव्हते.