अपूर्णांक शिकवायला बसताय?
सहावीची शिकवणी पहिल्यांदाच घेताय ना? मग लसावि (लघुतम साधारण विभाज्य, म्हणजे सगळ्या छेदांनी भाग जाणारी सर्वात लहान संख्या) आधी जरा लांब ठेवा. पोरं १/२ + १/३ = २/५ लिहिणारच. लगेच लाल पेन उचलू नका. विचारा, २/५ अर्ध्याहून मोठा की लहान? अर्ध्यात भर घालून उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं, हे त्यांचं त्यांना दिसू द्या. मग कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. एकीचे दोन भाग, दुसरीचे तीन, नंतर दोन्हींचे सहा-सहा. ३/६ आणि २/६, मिळून ५/६. छेद म्हणजे तुकड्याचा आकार, आणि तो सारखा केल्याशिवाय तुकडे मोजता येत नाहीत, हे इथे पटतं.

लसावि त्यानंतर. ५/६ + ३/८ ला छेद ४८ घेतला तरी चालतो, फक्त ५८/४८ ला संक्षिप्त रूप द्यावं लागतं. २४ घेतला तर थेट २९/२४. तिरकस गुणाकाराची युक्ती (एकाचा अंश गुणिले दुसऱ्याचा छेद) मला आवडत नाही. तीन अपूर्णांक आले की मुलं अडतात.

खरी गोची वजाबाकीत. ३ १/४ − १ १/२ मध्ये मुलं एक उसना घेऊन दहा मिळवतात! इथे एकाचे ४/४ होतात: २ ५/४ − १ २/४ = १ ३/४. हेच आधी तोंडी विचारा, सव्वातीन किलोतून दीड किलो गेले, उरले किती? आजीबरोबर फुले मंडईत जाणारं पोर चटकन पावणेदोन म्हणतं. इंग्रजी माध्यमातल्या बऱ्याच पोरांना मात्र सव्वा-पाऊण आधी शिकवावं लागतं, पुण्यातसुद्धा.