माझ्या यादीत बाई का नाही

प्रिय रेवा,

शनिवारी मंडळात सगळ्यांना एकच प्रश्न विचारला होता, रंगमंचावर एकदा तरी कुठलं काम करायला आवडेल? तुझ्या बाबानं अपेक्षेप्रमाणे 'नटसम्राट'मधला म्हातारा नट, अप्पा बेलवलकर सांगितला. मी म्हणाले तळीराम, नाहीतर लखोबा लोखंडे, आणि गळा असता तर 'कट्यार'मधले खाँसाहेब. लोक हसले. परतताना गाडीत तू विचारलंस, "आई, तुझ्या लिस्टमध्ये एकही बाई नाही. तुला बाई असण्याची लाज वाटते का?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण लागलं मला ते. म्हणून लिहितेय. कुठे अडलं तर मला विचार. बाबाला विचारशील तर तो अप्पांचं स्वगत सुरू करेल आणि मग जेवायला दहा वाजतील.

आधी तळीराम. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' हे नाटक. गडकरी 1919च्या जानेवारीत गेले, नाटक रंगमंचावर आलं ते त्यानंतर. सुधाकर हुशार वकील, दारूपायी धुळीला मिळतो. त्याची बायको सिंधू फाटक्या लुगड्यात लोकांची दळणं दळते आणि शेवटी मरताना फौजदाराशी खोटं बोलून नवऱ्यालाच वाचवते. तळीराम हा सुधाकरचा कारकून. 'आर्यमदिरामंडळ' काढणारा, पट्टीचा पिणारा, प्रत्येक गोष्टीवर तिरकं उत्तर तयार. थिएटरभर लोक सिंधूसाठी रुमाल काढतात, पण बाहेर पडताना बोलतात तळीरामाबद्दल.

आमच्या सांगलीला नाटकाचा जरा जास्तच अभिमान. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' तिथेच केलं, हे आजोबा तुलाही दर फोनवर ऐकवायचे. आमच्या कॉलनीच्या गणपतीत 'एकच प्याला' बसवलं, तेव्हा नंदूकाका तळीराम होता आणि मी प्रॉम्प्टर. मला विंगेत बसवलेलं. हातात टॉर्च, उजेड बाहेर फाकू नये म्हणून त्यावर आजोबांचा रुमाल गुंडाळलेला, मांडीवर वही, वहीत एंट्र्यांना लाल पेन्सिलीच्या खुणा. मिशा चिकटवायच्या स्पिरिट गमचा तो उग्र वास. नाटक मला तोंडपाठ होतं, वही नुसती नावाला. मदिरामंडळाच्या प्रवेशात नंदूकाका एकदम ब्लँक झाला. माझ्याकडे बघेना, नुसताच डोलत उभा. मी वाक्य पुरवलं. त्यानं ते उचललं, मध्ये एक उचकी घातली, आणि सगळा मांडव हसला. टाळी त्याला मिळाली, पण अंधारात बसून मला वाटलं, ही माझी आहे. तेव्हापासून मला तळीराम करायचाय.

पुढच्या वर्षी मी तसं सांगितलंसुद्धा. जे नाटक बसवत होते ते म्हणाले, "मुलगी दारुडा कसा करणार? हवं तर गीता कर." गीता म्हणजे तळीरामाची बायको. बेबीआत्या तिथेच बसली होती, तिला कुठलं गप्प राहवतंय! म्हणाली, "नारायणराव सिंधू झाले ते चाललं ना तुम्हाला?" नारायणराव म्हणजे बालगंधर्व. पहिली सिंधू त्यांचीच. चांगल्या घरच्या बायका त्यांचं बघून लुगडं नेसायला शिकायच्या. कितीतरी वर्षं आमच्याकडे सिंधू, भामिनी, सुभद्रा हे सगळे पुरुषच होते, कारण घरंदाज बाईनं रंगमंचावर जायचं नाही असं ठरलेलं. 1933च्या 'आंधळ्यांची शाळा'त बायकांची कामं बायकांनी केली, त्याचंही केवढं अप्रूप झालं. आत्याच्या प्रश्नावर उत्तर आलं, "ते कलावंत होते." विषय संपला. मी गीता केली नाही, रुसून परत प्रॉम्प्टिंगलाच बसले.

इथवर वाचून तुला वाटेल, आईला काम नाकारलं म्हणून ती अजून तेच धरून बसलीय. थोडं आहेच तसं. पण लखोबाचं काय? अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' 1962चं. फिरत्या रंगमंचावर प्रभाकर पणशीकर एकामागून एक सोंगं बदलत यायचे. बायकांना फसवून लग्नं करणारा भामटा, आणि कोर्टात उभा राहून थंडपणे म्हणतो की तो मी नव्हेच. आमच्या घरी सगळे त्याची नक्कल करायचे, मीही. पिंजऱ्यात उभं राहून साक्ष देणाऱ्या त्या फसलेल्या बायकांची नक्कल मात्र कुणी केल्याचं मला आठवत नाही. हे माझ्या लक्षात आलं ते तुझा प्रश्न ऐकल्यावर. तरीही काम मिळालं तर मी लखोबाचंच घेईन, हेही खरं. इतकं सफाईनं खोटं बोलायला मिळतं कुठे?

आता जे मंडळात बोलले नाही ते. शैलामावशीनं लग्नाआधी तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये लीला बेणारे केली होती. मूळ प्रयोगात, 1967 साली, ते काम सुलभा देशपांड्यांचं. बेणारे शाळेत शिकवते. हसरी, बडबडी, लग्न न झालेली. एक हौशी नाटक कंपनी गंमत म्हणून लुटुपुटूचा खटला उभा करते, बेणारेला आरोपी करते, आणि खेळता खेळता तिचं खरं आयुष्य, तिच्या पोटातलं मूल, सगळं चव्हाट्यावर आणते. शेवटी आरोपीला बोलायला दहा सेकंद देतात. बाकीचे सगळे जागच्या जागी थिजतात आणि ती बोलत सुटते. त्यातलं कुणालाच काही ऐकू जात नाही. मावशी ते बोलताना एका हातानं पिंजऱ्याची कड अशी घट्ट धरायची की बोटांची पेरं पांढरी पडलेली मला तिसऱ्या रांगेतून दिसत होती.

प्रयोग रंगला. पण बाहेर आल्यावर आमच्या मागे दोघी हळूच बोलत होत्या, "हिचंही असंच काही असेल का गं?" घरी आजोबा म्हणाले, "काम उत्तम केलंस. पण हेच मिळालं होतं का?" तेव्हा मावशीसाठी स्थळं बघत होते. नंदूकाकानं तळीराम केला तर त्याला कुणी दारुडा म्हटलं नाही. उलट महिनाभर लोक त्याला चहाला बोलवत होते.

म्हणजे लाज नव्हे, रेवा, भीती होती. तळीराम तोंड धुतलं की जातो. बेणारे मावशीच्या मागे घरापर्यंत आली. ही भीती आता मी इथे कशाला जपून ठेवलीय, तेही इतक्या लांब, जिथे मला कुणी ओळखत नाही, ते मला नीट सांगता येत नाही. कदाचित नुसती सवय. आणि बेणारेसाठी वय उलटलं म्हणावं, तर ती पळवाट झाली. डॉ. लागूंनी 1970 मध्ये अप्पा बेलवलकर उभे केले तेव्हा ते त्रेचाळिशीत होते. नाक-कान-घशाचे सर्जन, प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नाटकात आलेले. (हे बाबाच्या कानावर घालू नकोस. त्याचं होम लोन अजून बाकी आहे.)

कावेरीही मला करावीशी वाटते, हे लिहिता लिहिता सुचलं. अप्पांची बायको, त्यांची 'सरकार'. कमी बोलते, नाटक संपायच्या आधीच जाते, पण ती गेल्यावर अप्पा कसे कोसळतात ते बघ. बाबा अप्पा असेल तर मात्र नको. घरी पुरे होतं.

तुमच्या शाळेत 'माय फेअर लेडी' बसतंय. त्याच्या मुळाशी शॉचं जे नाटक आहे, त्यावरूनच पुलंनी 1975 मध्ये 'ती फुलराणी' केलं. भक्ती बर्वेंची मंजुळा, म्हणजे त्यातली एलायझा, मी तुला दाखवीन, तुला हवी असेल तेव्हा. ती रडते कमी, भांडते जास्त. तू एलायझासाठी नाव दिलंयस, तर एलायझाच कर. तिच्या दारुड्या बापाचं काम मुलीनं केलं तर काय मजा येईल, हे मी कालपासून तीनदा गिळलंय. ऑडिशन गुरुवारी आहे ना? मी बाहेर गाडीत बसेन, आत येणार नाही.

तुझी,
आई