कम्युनिटी कॉलेजात क्रेडिटवर गाणं शिकवायला बोलावलंय, जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या) एका कम्युनिटी कॉलेजाने, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजाने, विचारलंय की क्रेडिटसाठी, म्हणजे पदवीत मोजल्या जातील अशा, गाण्याच्या वैयक्तिक शिकवण्या घ्याल का. तुम्ही गाण्यातली विशारद ही परीक्षा पास आहात, घरी बारा-पंधरा मुलं शिकायला येतात. हे घरच्या शिकवणीपेक्षा वेगळं काय, विशारदवर भागेल का, आणि पैशाचं कसं, हे तुम्हाला विचारायचंय.

मी कॅलिफोर्नियातल्याच एका कॉलेजात सहा वर्षं हेच करतेय. विषयाचं नाव ‘अप्लाइड म्युझिक’ (म्हणजे गाण्या-वाजवण्याची वैयक्तिक शिकवणी), शिकवते हिंदुस्थानी गायन. पहिली दोन सत्रं मी ती घरची शिकवणी समजूनच घेतली आणि तोंडावर आपटले. म्हणून उत्तर जरा लांबतंय, सांभाळून घ्या.

आधी विशारदचं बघू. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला क्रेडिटचं संगीत शिकवायचं तर किमान पात्रता म्हणजे संगीतातली मास्टर्स. नाहीतर संगीतात बॅचलर्स आणि मानव्यविद्यांमध्ये मास्टर्स. यात न बसणाऱ्यांसाठी ‘इक्विव्हॅलन्सी’ (समकक्षता) नावाचा दरवाजा असतो, पण तो उघडायचा की नाही हे त्या त्या डिस्ट्रिक्टची (कॉलेज चालवणाऱ्या स्थानिक संस्थेची) समिती ठरवते. गांधर्व महाविद्यालयाचं विशारद म्हणजे काय, त्यापुढची अलंकार परीक्षा म्हणजे काय, हे त्या समितीत कोणाला माहीत असेल असं धरून चालू नका. माझं एम.ए. एसएनडीटीचं, तरी ते इथल्या कुठल्या पदवीइतकं याचं मूल्यांकन करून घ्यावं लागलं आणि विद्यापीठातून गुणपत्रिका बंद पाकिटात मागवताना भावाला चार चकरा पडल्या. तुमच्याकडे विशारदशिवाय दुसरी कुठली पदवी असेल, अगदी बी.कॉम. का असेना, तीसुद्धा काढून ठेवा. मैफलींची पत्रकं, परीक्षक म्हणून गेला असाल तर ती पत्रं, सगळं एका फाइलीत लावा. आणि एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असाल तर ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, हातात आल्याशिवाय कॉलेजच्या कुठल्याही कागदावर सही करू नका. (घरच्या शिकवण्यांनाही तोच नियम लागतो, पण त्या विषयावर महाराष्ट्र मंडळात कोणी बोलत नाही.)

आता मुख्य गोष्ट, जी मला कळायला वर्ष गेलं. कॉलेज क्रेडिट देतं ते गळ्याला नाही, तासांना. इथे एका युनिटमागे (युनिट म्हणजे क्रेडिट मोजायचं माप) विद्यार्थ्याने सत्रभरात मिळून किमान ४८ तासांचं काम करायचं असतं. आमचा कोर्स एका युनिटचा. माझी शिकवणी आठवड्याला अर्धा तास, सत्र सोळा आठवड्यांचं, म्हणजे झाले आठ तास. उरलेले चाळीस गेले कुठे? ते रियाजाच्या खोलीत आणि आठवड्याच्या सामायिक तासात जायला हवेत, आणि गेले हे कागदावर दिसायला हवं. आमच्याकडे खोलीच्या दारावरच वही असते, आल्या-गेल्याची वेळ लिहायची.

ती वही मी पहिल्या सत्रात उघडूनही पाहिली नाही. रियाज केलाय की नाही हे मला पहिल्या षड्जातच कळतं, त्याला वही कशाला, असा माझा तोरा. एका मुलाला ‘बी’ श्रेणी दिली. त्याने विभागप्रमुखांकडे तक्रार केली की मला ए का नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, कशाच्या आधारावर? माझ्याकडे सांगायला खूप होतं आणि दाखवायला काहीच नव्हतं. तसं पाहिलं तर इथे शिक्षकाने दिलेली श्रेणी अंतिम असते, चूक, फसवणूक, दुष्ट हेतू किंवा अकार्यक्षमता दिसली तरच ती बदलता येते. पण माझ्याच अभ्यासक्रमपत्रिकेत ‘रियाज ३० टक्के’ असं छापलेलं आणि त्याची एकही नोंद मी ठेवलेली नाही, याला ‘चूक’ म्हणू नये तर काय म्हणावं? श्रेणी बदलली. मुलगा बरोबर होता, हे आज मी मान्य करते. तेव्हा आठवडाभर घुश्शात होते.

तेव्हापासून दर शिकवणीनंतर दोन ओळी लिहिते. ‘भूप, धैवत चढा, ठेका हातावर धरता येतो, तिसऱ्या आवर्तनात सम चुकली.’ एवढं पुरतं.

तीन महिने नुसता सा लावून घ्यायची आपली पद्धत इथे चालत नाही. सोळा आठवड्यांनंतर मूल काय करून दाखवेल हे आधीच लिहून द्यावं लागतं. माझी पहिली पातळी अशी आहे: भूप आणि यमन, दोन्हींत एकेक मध्यलयीची बंदिश, दहा अलंकार (स्वरांचे पलटे) दोन लयींत, आणि तीनतालाच्या टाळ्या-खाली हाताने दाखवत गाणं. आलापाला हात लावतो, पण त्याला गुण नाहीत. माझे गुरुजी हे वाचतील तर कपाळाला हात लावतील. मात्र एक सांगते, तोंडाने ‘सुरेल हवं’ म्हणत राहण्यापेक्षा काय आलं म्हणजे आलं, हे लिहायला बसल्यावर माझं घरचं शिकवणंही सुधारलं.

सत्राच्या शेवटी ‘ज्युरी’ असते. विभागातले दोन-तीन प्राध्यापक बसतात, विद्यार्थी येऊन सादर करतो, ते गुण देतात. तुमच्या विभागात परीक्षक म्हणून कोण बसणार हे आजच विचारून घ्या, कारण ख्याल ऐकणारा कोणी असण्याची शक्यता कमीच. बे एरियाचं एक बरं आहे. सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांनी १९६७ साली बर्कलीत आपलं कॉलेज काढलं आणि पुढच्या वर्षी ते सॅन राफेलकडे गेलं, त्यामुळे जुन्या प्राध्यापकांच्या कानावर सरोद-तबला पडलेला असतो. गाणं मात्र फारसं पडलेलं नसतं.

माझ्या पहिल्या ज्युरीतला मुलगा मारियाची (मेक्सिकन लोकसंगीताच्या) बँडमध्ये व्हिहुएला, म्हणजे गिटारसारखं लहान वाद्य, वाजवणारा. घरी स्पॅनिश, कॉलेजात इंग्रजी, माझ्याकडे बंदिशीतली ब्रज. त्याच्या फॉर्मवर रकाने होते: रचना, संगीतकार, स्वर, कालावधी, साथ. संगीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ लिहिलं. स्वराच्या रकान्यात सवयीने ‘काळी एक’ लिहिलं, मग खोडून ‘सी शार्प’ केलं. कालावधीला अडले. मिळणार आठ मिनिटं. विलंबित एकतालाचं एक आवर्तनच मिनिटभर खातं, म्हणजे बडा ख्याल मांडेपर्यंत घंटी वाजायची. तो काढला आणि यमनमधली तीनतालातली बंदिश ठेवली. साथीच्या रकान्यात काय लिहिणार? कॉलेज पियानोवाल्याला पगार देतं, तबल्याला नाही. पियानोवाले गृहस्थ कोपऱ्यात हात बांधून बसलेले आणि त्यांच्या पियानोच्या झाकणावर माझा फोन, त्यात तानपुरा. दुसऱ्या फोनवर ठेका.

मुलगा छान गायला. तीव्र मध्यम आला तेव्हा पियानोवाल्यांची भुवई वर गेली, त्यांना तो लिडियन (तीव्र मध्यमाची पाश्चात्त्य स्वरमालिका) वाटला, आणि त्यात काही चूक नाही. संपल्यावर ट्रम्पेटचे प्राध्यापक म्हणाले, आवाज उत्तम आहे, पण हा चुकला असता तर आम्हाला कळलं कसं असतं?

मी गप्पच झाले. प्रश्न अगदी रास्त होता. त्यांच्यासमोर नोटेशन नव्हतं आणि मुलगा अर्धं तिथल्या तिथे बांधून गात होता.

पुढच्या सत्रापासून मी प्रत्येक परीक्षकाला एक पानभर कागद देते. रागाचे चढते-उतरते स्वर, कुठला मध्यम लागला तर चूक धरायची, मुखडा नवव्या मात्रेवर उठून समेवर कुठल्या अक्षरावर येतो ते. आणि सोळा मात्रा बोटांवर कशा मोजायच्या त्याचं लहानसं चित्र. दुसऱ्या वर्षीच्या ज्युरीत तेच ट्रम्पेटवाले टेबलाखाली बोटं मोजत होते. मुलगी तान घेऊन समेवर आली आणि यांच्या तोंडून ‘हं!’ निघालं. त्या कागदावर मी जेवढा वेळ घालवला तेवढा कुठल्या बंदिशीवर घातला नसेल.

पैशाचं. कॅलिफोर्नियाचा रहिवासी विद्यार्थी युनिटमागे ४६ डॉलर भरतो. म्हणजे सोळा शिकवण्या ४६ डॉलरला. बाहेर एवढ्यात जेमतेम एक शिकवणी होते. मग उरलेला खर्च कॉलेजच्या अंगावर येतो, म्हणून जागा मोजक्या, प्रवेशाला ऑडिशन, आणि बरोबर थिअरी किंवा समूहवादन-गायनाचा वर्ग घेण्याची सक्ती. तुम्ही ‘तासाला किती’ असं विचाराल. तसं विचारू नका, विचारा की एका विद्यार्थ्यामागे लोड, म्हणजे पूर्णवेळ कामाचा किती हिस्सा, धरता. आमच्याकडे वैयक्तिक शिकवणीचा तास वर्गातल्या व्याख्यानाच्या तासापेक्षा हलका धरतात, आणि पगार त्या आकड्यावर चालतो. अर्धवेळ शिक्षकाला एका डिस्ट्रिक्टमध्ये पूर्णवेळ लोडच्या ६७ टक्क्यांवर जाता येत नाही, पण गाणं शिकवून तुम्ही त्या रेषेच्या जवळपासही पोहोचणार नाही, ती काळजी सोडा.

काळजी गळतीची करा. सत्राचा साधारण पाचवा भाग सरला की ‘सेन्सस’चा दिवस येतो, त्या दिवशी पटावर किती डोकी यावर कॉलेजचा निधी ठरतो. पहिल्या सत्रात माझे सात होते, त्याआधीच दोन गेले, आणि माझा पगार पाचांवर आला. त्या दोघांना तीन आठवडे शिकवलं ते देवाला वाहिलं. करारात तसं लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. तुम्ही वाचा.

आता जरा नाजूक विषय. मंडळातल्या एका मैत्रिणीची मुलगी माझ्या कोर्सला आली. लहानपणापासून मला मावशी म्हणणारी, ती दारातून आत आली की प्रोफेसर म्हणायची आणि आम्ही दोघी हसू दाबायचो. एका रात्री आईचा फोन.

“अगं, कशी करतेय गं ती? बी तरी येईल ना?”

“तिलाच विचार ना.”

“ती कुठे सांगतेय! तुझ्याकडेच शिकते ना, सांग की.”

सांगता येत नाही. फर्पा नावाचा १९७४चा केंद्राचा कायदा आहे. मूल कॉलेजात दाखल झालं की त्याच्या नोंदींवरचा हक्क त्याचा, मग ते सोळा वर्षांचं हायस्कूलमधून आलेलं का असेना. त्याच्या लेखी परवानगीशिवाय शिक्षक श्रेणी बोलू शकत नाही, मैत्रीण असो नाहीतर सख्खी बहीण. दोन महिने ती मैत्रीण माझ्याशी तुटक वागली. तुमच्याही ओळखीतली मुलं येतील, तेव्हा आईबापांना हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. आणि घरी पैसे घेऊन शिकवता त्याच मुलाला कॉलेजात श्रेणी द्यायची वेळ आली तर विभागप्रमुखांना आधी लेखी कळवा. मी तर त्या सत्रापुरती घरची शिकवणी थांबवते.

शिकवायची खोली दाराला काच असलेली मागा, ते शिक्षक आणि विद्यार्थी दोघांच्याही हिताचं.

मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, ती कॉलेजवाले नेहमी सांगतातच असं नाही. पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात संगीत हाच मुख्य विषय घ्यायचा असेल, तर तिथे पुन्हा ऑडिशन असते आणि तिथल्या विभागाला पियानो, व्हायोलिन, पाश्चात्त्य गायन हवं असतं. तुमच्याकडचं युनिट ऐच्छिक विषयाच्या रकान्यात जाईल, मुख्य वाद्याच्या जागी ते धरतील याची खात्री नाही. असिस्ट नावाची साइट आहे, तिथे कॉलेज आणि विद्यापीठ टाकलं की कुठला कोर्स कशाच्या जागी धरतात ते दिसतं. माझ्या एका विद्यार्थिनीने ते चौथ्या सत्रात पाहिलं. पहिल्या सत्रात मीच तिच्याबरोबर बसून पाहायला हवं होतं.

तर जावं का? तुमच्या घरची पंधरा मुलं सगळी मंडळातली असतील आणि तीच कॉलेजात येणार असतील, तर क्रेडिटच्या भानगडीत पडू नका. त्याच कॉलेजात ‘कम्युनिटी एज्युकेशन’ नावाचा विनाक्रेडिट विभाग असतो का पाहा. तिथे फी वेगळी, श्रेणी नाही, ज्युरी नाही, पात्रतेची अटही सहसा ढिली, आणि विशारद तिथे बहुधा चालून जाईल. पण ज्यांनी सा कशाला म्हणतात हेही ऐकलेलं नाही अशी मुलं हवी असतील तर ती क्रेडिटच्याच दारातून येतात. तो व्हिहुएलावाला त्याच दारातून आला. त्याला एक युनिट कमी पडत होतं आणि सोमवारी दुपारी दीडची वेळ रिकामी होती, यापलीकडे यमनशी त्याचा काही संबंध नव्हता.

मुलाखतीला जाल तेव्हा तानपुरा फोनवर लावूनच जा, आणि आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका. माझ्या मुलाखतीत सासूबाईंचा फोन आला होता.