बडोद्यात नव्याने कविता लिहितोयस ना, मग हे वाच

अरे, चारच कविता झाल्यात म्हणून लाजू नकोस, आपल्या कवितावाचनाच्या बैठकीला ये. पण पहिल्या दोन-तीन वेळा नुसतं ऐक, आपल्याकडे वाचणारे भरपूर आणि नीट ऐकणारे कमी, त्यामुळे ऐकणारा सगळ्यांच्या लक्षात राहतो. सेंट्रल लायब्ररीत मराठी पुस्तकं आहेत, आज लिहिणाऱ्यांचं वाच.

नवे लोक हमखास चुकतात ते:
- एक कविता म्हण म्हटलं की चार म्हणतात
- लिहिली की लगेच ग्रुपवर, दोन दिवस राहू दे की
- घाईत स्वखर्चाने संग्रह (मी काढला, आज निम्म्या कविता गाळल्या असत्या)

आणि बोलण्यात गुजराती शब्द येतात ते पुसू नकोस. २०१८ला ९१वं साहित्य संमेलन इथंच झालं, पण भाषेचं रोजचं काम आपलंच, एखाद्या गुजराती कवीची कविता मराठीत आणून बघ, इथल्या कवीने हे करायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. कवितेतल्या वृत्तांचं, म्हणजे छंदांचं, नंतर बोलू.