नसबंदी झाली, तरी बोका वाकळीवर चढतोय

"डॉक्टरनी ऑपरेशन नीट केलं न्हाई काय वो?" मांजर पाळणाऱ्यांचा हा प्रश्न काही संपत नाही. मंगळवार पेठेतल्या एक ताई तर नसबंदीची पावतीच घेऊन माझ्याकडे आल्या. बोका अडीच वर्षांचा, ऑपरेशनला ४ महिने झालेले. वाकळीचं टोक दातांत गच्च धरायचा, पुढच्या पायांनी ती मळायचा आणि मागचे पाय जागच्या जागी टाकत कंबर हलवायचा. पाहुण्यांसमोरसुद्धा. "सासूबाई म्हणत्यात, सोडून या जावा ह्याला."

आधी शंका फेडावी. वृषण काढल्यावर टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचं संप्रेरक (हार्मोन), काही दिवसांतच उतरतं. शुक्रजंतू मात्र नलिकांत काही आठवडे टिकतात, म्हणून पहिले दीड-दोन महिने बोक्याला भाटीपासून, म्हणजे मादी मांजरापासून, लांबच ठेवावं. बोक्याच्या लिंगावर बारीक काटे असतात. ते या संप्रेरकावरच जगतात आणि नसबंदीनंतर दीडेक महिन्यात जिरून जातात. नंतरही दिसले, तर पोटात राहिलेला वृषण शोधावा लागतो. डॉक्टरांकडून तपासून घेतलं. या बोक्याचे काटे गेलेले होते. ऑपरेशन चोख.

"मग हा करतोय काय?"

"किती वाजता करतो?"

ताई गप्प. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ८ दिवस फक्त वेळ लिहायला सांगितली. ११ नोंदी झाल्या, त्यातल्या ९ रात्री दहा ते अकरामधल्या. टीव्ही बंद, अंथरुणं पडलेली आणि दिवसभर झोपा काढलेला बोका टकटकीत जागा. उरलेल्या दोन्ही वेळी गल्लीतला दुसरा बोका खिडकीत येऊन बसलेला. नोंदींवर बोट फिरवता फिरवता ताईच म्हणाल्या, "म्हंजे त्या टायमाला ह्याला दुसरं कायच नसतंय की वो!"

गाठ सुटली ती इथं. संप्रेरकाचा नळ बंद झाला, पण २ वर्षं गल्लीभर हिंडून अंगवळणी पडलेली हालचाल अंग विसरत नाही. कंटाळा असो, उत्साह असो की धास्ती, तुंबलं की ते त्याच वाटेनं बाहेर येतं. गोळीआधी घड्याळ बघा, हा माझा हट्ट जुना आहे आणि तो सहसा फुकट जात नाही.

मग साडेनऊला काठीला दोरीनं बांधलेलं पीस, १०-१५ मिनिटं पळापळ. शेवटी पीस पकडू द्यायचंच, नाहीतर तो चिडीला येतो. लगेच रात्रीचं खाणं. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप हा मांजराचा स्वतःचा क्रम आहे. खिडकीच्या खालच्या काचेला कागद चिकटवला. वाकळीवर चढलाच, तर ओरडायचं नाही, पाणी मारायचं नाही, त्यानं धास्ती वाढते. पीस लांब हलवायचं. तिसऱ्या आठवड्यात एकच नोंद आली.

भाटीचा हिशेब वेगळा. नसबंदीनंतरही ती लोळत ओरडायला लागली, शेपूट बाजूला घेऊन मागचा भाग उचलायला लागली आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच, तर बीजांडकोशाचा तुकडा आत राहिलेला असू शकतो. माज असतानाच तपासायला न्या, उतरल्यावर नेऊन उपयोग कमी. आणि बोका सारखा तिथंच चाटत असेल, मुतायला बसून जोर लावत असेल आणि थेंबच येत असतील, तर ते माजाचं लक्षण नव्हे. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. सकाळची वाट बघू नका.